ऑइल इंजिनाचे ‘हेड’ व ते सांधणारे कारागीर : एक ऐतिहासिक आढावा

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही तरी ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, अशी आपल्या चिटणीसांची सूचना आली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा मी बरेच दिवस विचार केला. गड, किल्ले, सनदा आणि वतने यांवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, सारा जन्म प्राथमिक शाळेत काढलेल्या शिक्षकाने त्या प्रांतात शिरणे शोभणार नाही. परंतु ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी भाता आणि ऐरण होती, त्या आपल्या समाजाच्या स्मरणिकेत एका विषयाची उणीव मला अनेक वर्षे जाणवत आली आहे. इंजिने बनविणाऱ्या कारखानदारांची चरित्रे निघाली, आणि ती निघावयासच हवी होती. पण तीच इंजिने मोडली असता पुन्हा उभी करणाऱ्या मिस्त्रींविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. म्हणून इंजिनाच्या एकाच भागाची, म्हणजे ‘सिलिंडर हेड’ची, आणि त्याच्या दुरुस्तीची हकीकत येथे देण्याचे योजिले आहे. विषय कोणास रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरी विहिरीवर इंजिन होते त्या घरच्या वडीलधाऱ्यांना तो तसा वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आपल्या देशावरील विहिरींतून शतकानुशतके पाणी निघाले ते मोटेने. एक मोट, बैलांची एक वा दोन जोड्या, एक मोटकरी आणि दिवसभराचे कष्ट, एवढ्यावर जेमतेम एखादा एकर भिजावयाचा. या स्थितीत पालट घडविला तो तेलावर चालणाऱ्या इंजिनाने. निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, ते गॅसवर चालणारे होते. पुढे हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाने जड तेल जाळणाऱ्या इंजिनाचे पेटंट १८९० मध्ये घेतले आणि ग्रँथम येथील हॉर्नस्बी कंपनीने १८९२ पासून तशी इंजिने विकावयास आरंभ केला. रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन आउग्सबुर्ग येथे यशस्वी रीतीने चालवून दाखविले ते १८९७ साली. केवळ हवा दाबून इतकी तापवावयाची की तीत तेलाचा फवारा सोडताच त्याने पेट घ्यावा, हे त्याचे तत्त्व. आज ‘डिझेल’ हा शब्द आपण तेलासच लावतो. पण ते एका माणसाचे नाव होय, आणि तो माणूस १९१३ साली इंग्लिश खाडीतून जाणाऱ्या आगबोटीवरून रात्रीच्या वेळी नाहीसा झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

ही इंजिने आपल्याकडे आली ती विलायतेहून. रस्टन-हॉर्नस्बी, ब्लॅकस्टोन, पेटर, लिस्टर ही नावे आपल्या आजोबांच्या तोंडी देवादिकांच्या नावांइतकीच सहज असत. लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास बाजारात आणलेले उभे इंजिन मिनिटाला अवघे ६०० फेरे करी. त्याचा संथ ठोका दोन शेते ओलांडून ऐकू येई. त्याच्या नमुन्यावरून राजकोटला पुढे कित्येक दशके इंजिने तयार होत राहिली. आपल्या प्रांतात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगर व पंप घरोघर नेले. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९२२ पासून प्रथम नांगर आणि १९३०-४० या दशकात डिझेल इंजिने होऊ लागली. हे कूपर म्हणजे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान असलेले गृहस्थच होत. पुढे १९४६ साली शंतनुराव किर्लोस्करांनी खडकी येथे ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला, तेव्हापासून इंजिन ही श्रीमंत बागाइतदाराची मिरास न राहता मध्यम शेतकऱ्याच्या आवाक्यात येऊ लागली.

आता हेडविषयी. इंजिनाचा सिलिंडर म्हणजे एक नळकांडे. त्यात पिस्टन वर-खाली होतो. या नळकांड्याचे झाकण म्हणजे हेड. झाकण म्हटले म्हणून ते डब्याच्या झाकणासारखे साधे नसते. त्यात हवा आत घेणारा एक आणि धूर बाहेर सोडणारा एक असे दोन व्हॉल्व्ह बसतात. त्यांच्या शेजारी तेलाचे नोझल बसते. आणि या सर्वांभोवती पाणी खेळावे म्हणून आतून पोकळी ठेवलेली असते, तिला जॅकेट म्हणतात. म्हणजे एका बाजूस जळते तेल आणि चार बोटांवर थंड पाणी, अशी या तुकड्याची अवस्था. तो बिडाचा ओतलेला असतो. बीड हा दाब सोसण्यास बळकट, परंतु ताण सोसण्यास दुबळा असा धातू आहे. त्यात कोळशाचा अंश शेकडा ३ ते ४ पर्यंत असतो आणि तो बारीक पापुद्र्यांच्या रूपाने आत विखुरलेला असतो. म्हणूनच बीड कापावयास सोपे जाते आणि म्हणूनच ते वाकत नाही, मोडते.

दोन व्हॉल्व्हांच्या मधली पट्टी ही हेडमधील सर्वांत अरुंद व सर्वांत तापणारी जागा. जॅकेटमध्ये खारे पाणी आटून क्षारांचा थर बसला, किंवा पाणी येणेच बंद झाले, तर ही पट्टी फुगू पाहते. पण भोवतालचे थंड बीड तिला फुगू देत नाही. ती आतल्या आत दबते. पुढे इंजिन निवाले की तीच पट्टी आकसते, आणि आता तिला ताण बसतो. असे काही वेळा झाले की एके दिवशी केसासारखी चीर पडते. तापलेल्या इंजिनावर कोणी घाईने थंड पाणी ओतले तर इतकी वाटही पाहावी लागत नाही. चिरेतून पाणी सिलिंडरमध्ये उतरते, धूर पांढरा येऊ लागतो, दाब जातो आणि इंजिन बंद पडते. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता त्या केसाएवढ्या रेषेत त्याचे सारे उभे पीक अडकलेले असते.

इंजिन विलायती, तेव्हा हेडही विलायतेहूनच मागवावे लागे. पत्र मुंबईच्या पेढीस जावयाचे, तेथून बोटीने परदेशी, आणि मग माल येण्यास काही महिने. तोपर्यंत ऊस वाळून जाई. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ही वाटही जवळजवळ बंद झाली. बोटी युद्धसामग्री वाहू लागल्या. शेतकऱ्याच्या इंजिनाचे सुटे भाग कोण आणणार? या सहा वर्षांनी आपल्याकडील लहान मिस्त्रीस जे शिकविले ते कोणत्याही शाळेने शिकविले नसते, असे म्हणण्यास हरकत नाही. भाग मिळत नाही म्हणून तो सांधावयाचा. सांधता येत नाही म्हणून तो ओतावयाचा. आणि एक ओतता आला म्हणजे दहा ओतावयाचे, असा हा क्रम होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनांचे सुटे भाग, पुढे संपूर्ण इंजिने आणि त्यांमागोमाग बीड ओतण्याचा जो मोठा धंदा उभा राहिला, त्याच्या मुळाशी दुरुस्तीचीच दुकाने होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे सर्व आपल्या ज्ञातीनेच केले असे लिहिले तर ते आपल्या सभासदांस गोड लागेल, परंतु ते सत्याला धरून होणार नाही. दुकानांतून लोहार होते, सुतार होते, मराठे होते, मुसलमान मिस्त्री होते, आणि दक्षिणेकडून आलेली मंडळीही होती. मात्र लोखंड तापले म्हणजे त्याचा रंग पाहून त्याची उष्णता ओळखण्याची जी दृष्टी लागते, ती ज्या मुलांनी लहानपणी बापाचा भाता ओढला होता त्यांच्या ठायी आयतीच होती. लेथ चालविणे ते मुंबईत शिकले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली आणि त्यामागोमाग भायखळा, लोअर परळ, परळ येथे रेल्वेचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. गिरण्यांतही प्रत्येकीचे आपले दुरुस्तीखाते असे. कोकणातून व घाटावरून गेलेले आपले अनेक बांधव तेथे फिटर, टर्नर, मोल्डर झाले. त्यांतील काही पाच-दहा वर्षांनी चार पैसे गाठीस बांधून गावी परतले व तालुक्याच्या ठिकाणी एक जुना लेथ आणून त्यांनी दुकान थाटले. त्या लेथाला स्वतंत्र मोटर नसे. आढ्याजवळ एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याच्या पट्ट्याने लेथ, ड्रिल व शेपर अशी सारी यंत्रे चालत.

कोल्हापूरचे नाव निघालेच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. बाबूराव पेंटर, ज्यांचे मूळचे आडनाव मिस्त्री, यांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने चलच्चित्राचा कॅमेरा याच शहरी आपल्या हाताने घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा बोलपट नव्हे, मूकपट, लोकांपुढे आणला. चित्रपटाच्या इतिहासात या गोष्टीचा मोठा गौरव होतो व तो यथार्थ आहे. पण ज्या गावात कॅमेऱ्याचे दाते कानशीने घासून बसविणारे हात होते, त्या गावात इंजिनाचे हेड सांधणारे हात निघाले यात नवल ते काय? असो.

फुटलेले बीड सांधण्याच्या ज्या रीती आपल्याकडे चालत, त्या सगळ्या एका वेळच्या नव्हेत. सर्वांत जुनी रीत म्हणजे लोखंडाचा कीस, नवसागर व थोडे गंधक पाण्यात कालवून तो लगदा चिरेत ठोकून भरणे. लोखंड गंजले म्हणजे फुगते, या दोषाचाच येथे उपयोग करून घेतलेला आहे. लगदा गंजून घट्ट बसतो व पाणी गळावयाचे थांबते. परंतु ही रीत जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीपुरतीच. जेथे आग लागते तेथे ती टिकत नाही. दुसरी रीत ओतकामाची. फुटक्या जागेभोवती मातीचा साचा बांधून त्यावरून वितळलेले बीड बराच वेळ वाहू द्यावयाचे; मूळ तुकड्याच्या कडा पाघळू लागल्या की प्रवाह थांबवावयाचा. ज्याच्यापाशी भट्टी आहे त्यालाच हे शक्य, आणि पुष्कळ वेळा तुकडा सांधण्याऐवजी दुसरीकडे तडकत असे. तिसरी रीत पिना मारण्याची. चिरेच्या दोन्ही टोकांस प्रथम बारीक भोके पाडावयाची, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग चिरेवर एकाला लागून एक अशी भोके पाडून, त्यांत आटे काढून तांब्याच्या पिना पिळून बसवावयाच्या. प्रत्येक नवी पिन आधीच्या पिनेचा थोडा भाग कापून बसली पाहिजे. वरून हलकी ठोक दिली की चिरेच्या जागी तांब्याची शिवण दिसते. यात उष्णतेचा संबंधच नसल्याने बीड तडकण्याची भीती नाही. अमेरिकेत टेक्सासच्या तेलखाणींत आग लागण्याच्या धास्तीने जोडकामास ज्योत वापरता येईना, तेव्हा १९३०-४० या दशकात याच तत्त्वावर पोलादी कुलपे ठोकून बीड शिवण्याची सुधारलेली पद्धती निघाली, आणि ती पुढे आगबोटींच्या इंजिनांसाठी जगभर चालली.

बीड सांधता येते की नाही याविषयी मोठमोठ्या इंजिनिअरांनाही एके काळी शंका होती. तिचे निरसन एका युद्धप्रसंगाने झाले. १९१४ पासून अमेरिकेच्या बंदरांत अनेक जर्मन आगबोटी अडकून पडल्या होत्या. अमेरिका युद्धात उतरणार असा रंग दिसू लागताच त्यांवरील जर्मन खलाशांनी आपल्या इंजिनांचे बिडाचे प्रचंड सिलिंडर घणांनी व ओंडक्यांनी फोडून टाकले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकेने त्या बोटी ताब्यात घेतल्या, तेव्हा सिलिंडरांना मोठमोठी भगदाडे पडलेली होती. नवे सिलिंडर ओतावयाचे तर वर्षाहून अधिक काळ लागणार, आणि सैन्य तर लगेच फ्रान्सला न्यावयाचे! शेवटी विजेच्या ठिणगीने जोडकाम करून आणि काही बोटींवर पोलादी ठिगळे बोल्टांनी आवळून ते सिलिंडर दुरुस्त करण्यात आले. फोडणाऱ्यांना वाटले होते की हे काम दुरुस्त होणेच शक्य नाही. पण त्याच बोटींनी पुढे पाच लाखांहून अधिक सैनिक महासागरापार नेले.

आपल्याकडे जी रीत सर्वांत अधिक चालली ती मात्र गॅसच्या ज्योतीची. कॅल्शियम कार्बाइडचे खडे पाण्यात पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. जत्रेतील दुकानांचे आणि वरातीतील दिवे ज्यावर जळत तेच हे कार्बाइड. हा वायू प्राणवायूत जाळला असता ज्योत ३,००० अंशांवर जाते, हे ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ साली दाखविले व विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्येच तिची बंदूक तयार झाली. आपल्या दुकानांतून कार्बाइडची टाकी कोपऱ्यात असे. प्राणवायूचे नळे मात्र शहरातून आणावे लागत.

हे काम मी प्रत्यक्ष पाहिले ते १९७२ च्या दुष्काळात. त्या वेळी माझे वय अकरा-बारा वर्षांचे असेल. खटाव तालुक्यात माझ्या मामांची विहीर होती व तीवर पाच घोड्यांच्या ताकदीचे इंजिन होते. विहिरीचा झरा इतका खाली गेला की पंप मधूनमधून हवा ओढू लागे. आणि इंजिनास थंड ठेवणारे पाणी पंपाच्याच नळातून घेतलेले असल्याने, पंपाने हवा धरली की इंजिनाचेही पाणी तुटे. एके दुपारी तसेच झाले. इंजिन तापून अडले, कोणी तरी घागरभर पाणी ओतले, आणि ‘टच्’ असा बारीक आवाज आला. शेतात अर्धा एकर हिरवे कडवळ उभे होते. घरच्या सहा जनावरांचा तेवढाच आधार. ते वाळले असते तर जनावरे मिळेल त्या किमतीस विकावी लागली असती, आणि त्या वर्षी मिळेल ती किंमत म्हणजे काय हे त्या भागातील लोकांस सांगावयास नको.

हेड पोत्यात गुंडाळून, एस.टी.च्या टपावर टाकून आम्ही बाजारपेठेच्या गावी एका मिस्त्रीकडे गेलो. ते आता हयात नाहीत व त्यांच्या घरच्यांची संमती घेतलेली नसल्याने नाव देत नाही. त्यांनी हेड दोरीला टांगले आणि लहान हातोडीने टिचकी मारली. चांगले बीड घंटेसारखे वाजते. हे बद्द वाजले. मग त्यांनी त्यावर रॉकेल चोपडले, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसले आणि खडूची पूड चोळली. पाहता पाहता पांढऱ्या पुडीवर एक ओली रेघ उमटली. दोन व्हॉल्व्हांच्या मधून निघून नोझलच्या भोकाकडे गेलेली.

“पाव्हणं, तापल्या इंजिनावर गार पानी कुनी वतलं?” त्यांनी विचारले. मामा काही बोलले नाहीत.

“मिस्त्री, हुईल का न्हाई तेवढं सांगा.”

“हुईल. पर उद्या सांजपतोर इथं कुनी घाई करायची न्हाई. भट्टी मी उघडंन तवाच उघडायची.”

त्या दिवशी दुपारी त्यांनी चिरेची टोके शोधून तेथे भोके पाडली आणि छिन्नीने चिरेभर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खोबण काढली. जुने तेल बिडात मुरलेले असते, ते ज्योतीने जाळून टाकले. दिवेलागणीस विटांची चौकोनी भट्टी रचली, तीत कोळसे पसरले आणि हेड मध्ये ठेवून वरून पत्र्याने झाकले. मला वाटले होते की लगेच जोडकाम सुरू होईल. पण दोन-अडीच तास ते केवळ फट करून आत पाहत बसले. सबंध तुकडा सारख्या प्रमाणात तापला पाहिजे, नाही तर जोड निवताना आकसून शेजारीच दुसरी चीर पडते, हे कारण मला पुढे शिक्षक झाल्यावर पुस्तकांतून समजले. अंधारात हेडला मंद तांबूस रंग दिसू लागला, म्हणजे उष्णता सुमारे ६०० अंशांवर आली. आता पत्रा एवढासा सरकवून त्यांनी ज्योत खोबणीवर धरली, बिडाची कांडी टाकणखारात बुडवून ती थेंब थेंब आत उतरविली, आणि कांडीच्या टोकाने मळ वर काढीत काढीत ती खोबण भरली. पाऊण तासाचे काम. घामाने त्यांचा सदरा भिजला होता, पण हात एकदाही थरथरला नाही. मग पुन्हा कोळसे सारून, वर राखेचा जाड थर देऊन भट्टी बंद केली.

हे हळूहळू निववणेच सर्वांत महत्त्वाचे. बीड झटकन निवले तर त्यातील कोळशाला पापुद्रे होऊन सुटण्यास अवकाश मिळत नाही. ते पांढरे व काचेसारखे कठीण होते, त्यावर कानसही चालत नाही आणि ते ठिसूळही असते. उतावळ्या माणसाने रात्रीच भट्टी उघडली तर सगळे श्रम वाया. मामांनी ती रात्र आणि दुसरा दिवस दुकानाच्या ओट्यावर काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेड बाहेर आले. जॅकेटमध्ये पाणी भरून हातपंपाने दाब दिला. थेंब गळला नाही. तापल्याने पृष्ठभाग किंचित वाकतोच, म्हणून लेथच्या तबकडीवर धरून त्याचा तळ तासला आणि शेवटचा हात जुन्या कानशीपासून केलेल्या खरवडणीने दिला. सपाट पाटावर तेलात कालवलेला शेंदूर लावावयाचा, हेड त्यावर घासावयाचे, जेथे जेथे लाल ठिपका उमटेल तो उंचवटा खरवडावयाचा, आणि ठिपके सर्वत्र सारखे दिसेपर्यंत हे चालू ठेवावयाचे. व्हॉल्व्हच्या बैठका पुन्हा कापून त्यांवर मसाल्याने व्हॉल्व्ह घासून बसविले. वरून रॉकेल ओतून ते झिरपते का हे पाहिले. तळ तासला म्हणजे हेड तेवढे खाली येते आणि पिस्टनशी त्याचे अंतर कमी होते. म्हणून निघताना त्यांनी मामांना शिशाच्या तारेचा एक तुकडा दिला. तो पिस्टनवर ठेवून, हेड आवळून, चाक हाताने एकदा फिरवावयाचे. तार चेपून जेवढी जाड राहील तेवढी आत जागा आहे असे समजावयाचे. ती फार कमी निघाली तर गॅस्केट जाड घालावयाचे. “नटं एका बाजूनं आवळत जाऊ नका. समोरासमोरची घ्या, अन् तीन खेपंला घ्या,” हे त्यांचे शेवटचे सांगणे.

कडवळ वाचले. ते हेड पुढे ११ वर्षे चालले. १९८३ साली विहिरीवर वीज आली तेव्हा इंजिन काढले, ते चालू स्थितीतच होते.

या मिस्त्रींचा आणखी एक गुण नमूद केला पाहिजे. आम्ही बसलो असताना दुसरे एक गृहस्थ असेच हेड घेऊन आले होते. त्याची चीर व्हॉल्व्हच्या बैठकीतून खाली जॅकेटपर्यंत गेलेली होती आणि बीड आतून खाऊन पातळ झालेले होते. त्यांनी ते परत दिले व नवे घ्यावयास सांगितले. ते गृहस्थ वाटेल ते दाम देऊन दुरुस्ती करून मागत होते. परंतु यांनी घेतले नाही. महिनाभर टिकेल असे काम करून पैसे घेणे त्यांस सहज शक्य होते, आणि तसे घेणारेही होते. दुकानाची प्रतिष्ठा जितकी सांधलेल्या हेडांवर उभी असते तितकीच परत केलेल्या हेडांवरही उभी असते, असे माझे मत आहे.

दुरुस्ती हे कमी प्रतीचे काम आणि निर्मिती हे वरच्या प्रतीचे, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. मला तो पटत नाही. नवे हेड ओतणाऱ्यापुढे नकाशा असतो, साचा असतो, एकाच मापाचे शेकडो तुकडे असतात. दुरुस्ती करणाऱ्यापुढे येणारा प्रत्येक तुकडा निराळा. कोणत्या कारखान्याचे बीड, किती वर्षे तापलेले, चीर कोठवर गेलेली, हे सर्व त्याने न पाहता ओळखावयाचे असते. त्यात चूक झाली तर तुकडाही जातो आणि गिऱ्हाइकाचे पीकही. मात्र त्या दुकानांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. गॅस्केटमधील व भट्टीवर झाकण्याच्या पत्र्यांतील ॲस्बेस्टॉस, शेंदुरातील शिसे, कार्बाइडचा धूर, यांपासून कोणी जपत नसे, कारण ते घातक आहेत हे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. पन्नाशीतच दम लागून बसलेले मिस्त्री मी पाहिले आहेत.

आज बहुतेक विहिरींवर विजेचे पंप आहेत. जेथे इंजिन आहे तेथे हेड फुटले तर नवे हेड दुकानात तयार मिळते आणि मजुरीचा हिशेब पाहता तेच स्वस्त पडते. मोटारींची हेडे ॲल्युमिनियमची झाली. ती सांधण्यास आर्गॉन वायूच्या आवरणातील विजेचे जोडकाम लागते, तासण्यास निराळी यंत्रे लागतात, आणि ती दुकाने वेगळी. जुन्या बिडाचे काम जाणणारे वृद्ध कारागीर अजून काही ठिकाणी आहेत. जुन्या मोटारी व ट्रॅक्टर जपणारे शौकीन त्यांना शोधीत येतात. त्यांच्या हाताखाली शिकावयास मात्र मुले येत नाहीत, आणि मुलांना त्याबद्दल दोष देणे मला योग्य वाटत नाही. ज्या कामात पोट भरत नाही ते त्यांनी का शिकावे?

परंतु जे लिहून ठेवता येण्यासारखे आहे ते तरी राहावे. या दुकानांतून हिशेबाच्या वह्या असत. कोणत्या गावचे कोणते इंजिन, काय मोडले, काय केले, किती घेतले, हे त्यांत रोजच्या रोज टिपलेले असे. बहुधा मोडीत किंवा वळणदार बाळबोधीत, तेलाच्या डागांसह. मी चार घरी विचारणा केली, तेव्हा दोन ठिकाणी त्या रद्दीत गेल्याचे समजले, एका ठिकाणी वाळवीने खाल्ल्या होत्या आणि एका घरी १९५८ ते १९६४ या काळातील तीन वह्या माळ्यावर सुखरूप निघाल्या. त्यांची नक्कल करण्याचे काम मी सध्या करीत आहे. ज्या सभासदांच्या घरी अशा वह्या, जुनी बिले, विलायती कंपन्यांची इंजिनांची पुस्तके किंवा दुकानाची छायाचित्रे असतील, त्यांनी ती संस्थेच्या कार्यालयात दाखवावयास आणावी. मूळ कागद त्याच दिवशी परत करण्यात येतील.